धीर कुणी धरायचा?

मुलाला ऐकू येत नाही असं निदान झालं की आईवडील जे प्रश्न विचारतात, त्यांत अलीकडे एकाची भर पडली आहे. "कानाच्या आतल्या पेशी पुन्हा उगवून आणणारं औषध येतंय असं वाचलं. मग आत्ताच इम्प्लांट कशाला बसवायचं? निदान एक कान तरी पुढच्यासाठी राखून ठेवायचा का?" इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं, श्रवणचेतेला (कानाकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेला) थेट विद्युत संदेश देणारं उपकरण. हा प्रश्न भाबडा नाही. तो बातम्यांनीच त्यांच्या हाती दिला आहे. 'बहिरेपणावर विजय', 'श्रवणशक्ती परत' असे मथळे वर्षातून दोन-तीन वेळा तरी डोळ्यांसमोर येतात आणि त्या मथळ्यांखालचं संशोधनही बहुतेक वेळा खरंच असतं. चुकतं ते वेळेचं गणित.

माझं म्हणणं एवढंच आहे: या विषयात घाई आणि धीर यांची अदलाबदल झाली आहे. केशपेशी, म्हणजे आतल्या कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या पेशी, पुन्हा उगवण्याचं काम काही दशकांचं आहे, तिथे आपण गुंतवणूकदारांच्या घड्याळाने घाई करतो. मुलाच्या मेंदूत भाषा रुजण्याचा काळ मोजक्या वर्षांचा आहे, तिथे आपण "थोडं थांबून बघू" म्हणतो. हे उलट व्हायला हवं, आणि ते पालकांच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. संशोधनाचा पैसा कुठून येतो, चाचण्या कशा आखल्या जातात आणि मुलाच्या पहिल्या वर्षात आरोग्ययंत्रणा काय करते, हे सगळे सार्वजनिक धोरणाचे प्रश्न आहेत.

आधी कानाकडे पाहू. आंतरकर्णातली शंखिका ही वाटाण्याएवढी, अडीच वेढे घेतलेली नळी आहे. उलगडली तर लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर. तिच्यात सुमारे १५,००० केशपेशी असतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे कानाची पुंजी किती तुटपुंजी आहे ते कळतं. या १५,००० पैकी आतल्या रांगेतल्या साधारण ३,५०० पेशीच मेंदूकडे बातमी पाठवतात. बाहेरच्या तीन रांगांतल्या पेशी आलेल्या कंपनाला जोर देतात, आणि त्यामुळेच आपल्याला कुजबुज ऐकू येते. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुबका असतो. तो ध्वनीच्या लाटेने वाकला की पेशीत पोटॅशिअम शिरतं आणि कंपनाचं रूपांतर विद्युत संदेशात होतं. मोठा आवाज, वाढतं वय, जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन, यांपैकी कशानेही या पेशी मरतात. माणसात मेलेली केशपेशी परत येत नाही. गर्भाच्या विसाव्या-बाविसाव्या आठवड्याच्या सुमारास ही पुंजी तयार होते आणि पुढे आयुष्यभर तिच्यात फक्त घट होते.

पक्ष्यांचं मात्र तसं नाही. १९८७-८८ मध्ये डग्लस कोटँची, जेफ्री कॉर्विन, ब्रेंडा रायल्स, एडविन रूबेल अशा संशोधकांनी दाखवलं की कोंबडीच्या आणि लाव्याच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या पेशी उगवतात. त्याआधी उष्ण रक्ताच्या प्राण्यांत हे अशक्यच आहे असं मानलं जाई. शेजारच्या आधारपेशी विभागतात किंवा थेट रूप बदलतात आणि काही आठवड्यांत पक्ष्याला पुन्हा ऐकू येऊ लागतं. यातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग बेंगाली फिंच या गाणाऱ्या पक्ष्यावरचा आहे. केशपेशी नष्ट केल्यावर या प्रौढ पक्ष्यांचं गाणं बिघडत गेलं. पेशी पुन्हा उगवल्यावर ते आपल्या मूळ गाण्याकडे परतले. गाणं त्यांच्या मेंदूत आधीपासून होतं. कान परतला तेव्हा त्याला गाठायला काहीतरी जागेवर होतं. हा मुद्दा पुढे मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो.

सस्तन प्राण्यांत ही किमया घडवायची, हे स्वप्न तेव्हापासूनचं. १९९९ मध्ये अटोह१ हे जनुक नसेल तर उंदराच्या कानात केशपेशी तयारच होत नाहीत हे सिद्ध झालं. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठात येहोआश राफाएल यांच्या गटाने बहिऱ्या केलेल्या गिनिपिगांच्या कानात हे जनुक पोहोचवलं आणि केशपेशींसारख्या पेशी दिसल्या. २०१३ मध्ये हार्वर्डमधल्या आल्बर्ट एज यांच्या गटाने मोठ्या आवाजाने कान गेलेल्या प्रौढ उंदरांत एका रसायनाने 'नॉच' नावाचा संदेशमार्ग रोखला. काही आधारपेशी केशपेशी बनल्या आणि उंदरांचं ऐकणं थोडंसं सुधारलं. या 'थोडंसं'ला पुढे बातम्यांत जागा उरली नाही.

अडचणी कुठे आहेत, हे समजून घेतल्याशिवाय धीर का धरायचा ते पटणार नाही. नवी पेशी बनली म्हणजे काम झालं असं नाही. ती आतल्या रांगेची हवी की बाहेरच्या रांगेची, हे ठरावं लागतं. त्या निवडीमागे टीबीएक्स२ हे जनुक आहे हे २०२२ मध्ये कळलं, म्हणजे अगदी काल-परवा. शंखिकेच्या बुडाशी उंच स्वर आणि टोकाशी खर्ज अशी वाटणी ठरलेली असते, म्हणून पेशी योग्य जागी हवी. श्रवणचेतेचे धागे तिच्याशी जुळायला हवेत. ते नसतील तर घर नवं बांधलं, पण वीज जोडलीच नाही, अशी गत होते. शिवाय जी आधारपेशी केशपेशी झाली ती आधार द्यायला उरली नाही, तिची जागा कोण भरणार? आणि सर्वांत मोठी अडचण वयाची. नवजात उंदराच्या कानात ही क्षमता काही दिवस शिल्लक असते, नंतर आधारपेशींच्या केंद्रकात ती जनुकं जणू मोहोरबंद होतात. उंदराचं पिल्लू जन्मतः बहिरं असतं, त्याला दुसऱ्या आठवड्यात ऐकू येऊ लागतं. माणसाचं बाळ मात्र आईच्या पोटातच ऐकू लागतं. त्यामुळे नवजात उंदरातलं यश म्हणजे माणसाच्या हिशेबाने गर्भातल्या कानातलं यश. साठीच्या माणसाचा कान त्यापासून फार दूर आहे.

आता माणसांवरच्या चाचण्या. फ्रीक्वेन्सी थेरप्युटिक्स या अमेरिकी कंपनीने एफएक्स-३२२ हे दोन रसायनांचं मिश्रण आणलं. आधारपेशींना पुन्हा विभागायला लावायचं, ही कल्पना. २०१७ मध्ये त्यामागचं प्रयोगशाळेतलं काम प्रसिद्ध झालं, दोनच वर्षांत पहिल्या छोट्या चाचणीत काही जणांना शब्द अधिक स्पष्ट कळू लागल्याचं जाहीर झालं आणि कंपनी शेअर बाजारात उतरली. मार्च २०२१ मध्ये ९५ जणांवरच्या चाचणीचा निकाल आला. औषध घेतलेल्यांत आणि नुसतं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत फरक नव्हता. शेअरचा भाव एका दिवसात तीन चतुर्थांशाने कोसळला. चाचणीच्या रचनेतच दोष शिरला असावा, असं कंपनीनेच म्हटलं, कारण खोट्या इंजेक्शनच्या गटातही अनपेक्षित सुधारणा दिसत होती. चाचणीत प्रवेश मिळावा या आशेने काही जणांनी सुरुवातीच्या तपासणीत आपलं ऐकणं आहे त्याहून कमी दाखवलं असणं शक्य होतं. पुढची चाचणी प्रवेशाआधी अनेकदा मोजमाप घेऊन, काळजीपूर्वक केली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीही अपयशी ठरली आणि कंपनीने कानावरचं काम थांबवलं.

त्या रुग्णांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. ज्याचं ऐकणं चाललं आहे तो दारात उभं राहण्यासाठी काहीही करेल. दोष या गोष्टीत आहे की कानाच्या बाबतीत आपल्याकडे रुग्णाच्या उत्तराशिवाय फारसं काही नाही. शंखिका शरीरातल्या सर्वांत कठीण हाडात बसलेली आहे. जिवंत माणसाच्या कानातून तुकडा काढून तपासता येत नाही, कारण तपासणीनेच कान जातो. सध्याच्या स्कॅनमध्ये एकेक केशपेशी दिसत नाही. म्हणजे औषधाने नवी पेशी उगवली का, हा मूळ प्रश्न कुणालाच थेट तपासता आला नाही. रुग्ण शब्द ऐकतो, परत म्हणून दाखवतो, त्यावरून अंदाज. इतक्या धूसर मोजमापावर चाचणी उभी करायची असेल तर घाईला जागाच नाही. पण वर्ष-दोन वर्षांत निकाल दाखवला नाही तर पैसा संपणार, अशा स्थितीत असलेल्या कंपनीकडून सबुरीची अपेक्षा कशी करायची?

म्हणून मला वाटतं, या क्षेत्रातलं पायाभूत काम सार्वजनिक पैशाने, दीर्घ मुदतीच्या हमीवर चालावं. त्या पैशाचा एक भाग कानाच्या आत पाहण्याची साधनं तयार करण्यासाठी राखावा, कारण ती कुठल्याही एका औषधाची मालमत्ता नाहीत आणि म्हणून एकटी कंपनी त्यांवर खर्च करणार नाही. यावर आक्षेप येईल की सरकारी पैशाने काम मंदावतं, खासगी भांडवलानेच औषधं बाजारात येतात. शेवटच्या टप्प्यापुरतं ते खरं आहे. पण युरोपीय संघाच्या निधीतून झालेली 'रिगेन' ही चाचणी पाहा. नॉच मार्ग रोखणारं औषध लंडन, ट्यूबिंगेन आणि अथेन्स इथल्या रुग्णांच्या कानात दिलं गेलं. मुख्य उद्दिष्ट साधलं नाही, आणि ते न साधल्याचा सविस्तर अहवाल २०२४ मध्ये कुणालाही वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध झाला. ते अपयश आता सगळ्यांच्या कामी येईल. कंपनी गुंडाळली जाते तेव्हा अशी शिदोरी मागे राहीलच याची हमी नसते. ती हमी कायद्याने असावी: माणसांवर चाचणी झाली, तर अपयशाचा तपशीलही लोकांचा.

धीराचं फळ कसं असतं, याचं उदाहरण याच कानात आहे. ओटोफर्लिन या प्रथिनाचं जनुक बहिरेपणाशी जोडलं गेलं तेही १९९९ मध्येच, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या क्रिस्टीन पेटिट यांच्या गटात. या प्रकारच्या बहिरेपणात केशपेशी जिवंत असतात, कंपन टिपतात, पण पुढे चेतेला संदेश देऊ शकत नाहीत. एकच प्रथिन कमी. तरी ते जनुक, ते पेशीत पोहोचवणाऱ्या निरुपद्रवी वाहक विषाणूत मावत नव्हतं म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवण्याची युक्ती शोधावी लागली. २०१९ मध्ये उंदरांत यश आलं. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या यिलाई शू आणि बॉस्टनमधल्या झेंग-यी चेन यांच्या गटाने सहा मुलांचे निकाल प्रसिद्ध केले, त्यांतली पाच ऐकू लागली. २०२५ मध्ये एक ते चोवीस वर्षांच्या दहा जणांचे निकाल आले. दहाही जणांत सुधारणा होती. ऐकण्याचा उंबरठा, म्हणजे ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज, सरासरीने १०६ डेसिबलवरून ५२ वर आला. मला हे वाचताना भरून आलं होतं. पण लक्षात घ्या, इथे एकही पेशी नव्याने उगवलेली नाही. जिवंत पेशीची एक दुरुस्ती करायला पंचवीस वर्षं लागली. अटोह१ची कथा त्याच वर्षी सुरू झाली, आणि तिच्यातून अजून उपचार हाती आलेला नाही यात आश्चर्य नाही.

याच दोन कथांची बातम्यांत सरमिसळ होते आणि पालक फसतात. ओटोफर्लिनचा दोष जन्मजात बहिरेपणाच्या फार थोड्या मुलांत असतो. आपलं मूल त्यांतलं आहे का, हे जनुकीय तपासणीनेच कळतं. ती तपासणी प्रत्येक बहिऱ्या बाळाला पहिल्या काही महिन्यांत मिळावी, ही मागणी मी आग्रहाने करेन. दोष निघाला तर थांबण्याबद्दल तज्ज्ञांशी बोलण्यात अर्थ आहे, कारण समोर खरोखर उपचार आहे. इतर सगळ्यांसाठी "थांबून बघू" म्हणजे कशासाठी थांबणं? केशपेशी उगवणारं एकही मान्यताप्राप्त औषध आज जगात कुठेही नाही.

आणि थांबण्याची किंमत मूल मोजतं. जन्मजात बहिऱ्या मुलाच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग रिकामा वाट पाहत बसत नाही. कोलोराडो विद्यापीठातल्या अनु शर्मा यांच्या अभ्यासांनुसार साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या मुलांत तो भाग जवळपास नेहमीसारखा घडतो. सात वर्षांनंतर मिळालं तर बहुतेकांत तसं होत नाही. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या प्रौढाला इम्प्लांट बसवलं तर आवाज पोहोचतो, बोलणं मात्र बहुधा उलगडत नाही. फिंचचा प्रयोग इथे आठवतो. त्या पक्ष्याकडे परतण्यासाठी गाणं होतं. कधीच न ऐकलेल्या मुलाकडे ते नाही. उद्या निर्दोष केशपेशी उगवणारं औषध आलं आणि ते पंधरा वर्षं 'राखून ठेवलेल्या' कानात घातलं, तरी त्या कानामागे ऐकायला शिकलेला मेंदू नसेल. कान राखायचा असेल तर तो वापरात ठेवूनच राखता येतो: श्रवणयंत्राने, इम्प्लांटने, जे त्या मुलाला लागू पडेल त्याने. इम्प्लांटमुळे कानातल्या उरल्यासुरल्या पेशींना इजा होऊ शकते, ही भीती खरी आहे. पण इम्प्लांट मुळात दिलं जातं तेच अशा कानाला, जिथे साध्या यंत्राला पुरेल एवढंही उरलेलं नसतं.

खुणांच्या भाषेबद्दलही इथे बोललं पाहिजे, कारण वाट पाहण्याच्या काळात सर्वांत आधी तिचाच बळी जातो. "ऐकू येणारच आहे तर खुणा कशाला शिकवायच्या?" असं सर्रास म्हटलं जातं. १८८० मध्ये मिलान इथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या परिषदेने खुणांच्या भाषेला वर्गाबाहेर काढलं आणि पिढ्यान्पिढ्यांची मुलं कुठल्याही भाषेत पुरती न रुजता वाढली. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडावं लागलं, तेव्हा कुठे व्हँकुव्हरच्या परिषदेने तो जाहीर केला. दरम्यान १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण असल्याचं दाखवून दिलं होतं. मेंदूला पहिल्या वर्षांत भाषा हवी असते, मग ती कानातून येवो की डोळ्यांतून. बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. त्या आईवडिलांना ही भाषा शिकवण्याची सोय बाळाच्या निदानासोबतच मिळायला हवी. केशपेशी पुन्हा उगवण्याच्या संशोधनाला काही बधिर समाजांतून विरोध होतो, त्याचं मूळ या इतिहासात आहे. त्यांचं म्हणणं मी मान्य करतो इथपर्यंत: बधिर माणूस अपुरा नाही आणि उपचार लादता कामा नये. पण चाळिशीनंतर कान गेलेल्या माणसाला आपल्या माणसांचा आवाज परत हवा असेल, तर त्यासाठीचं संशोधन हा कुणाचा अपमान नाही.

खरं तर हे औषध कधी आलंच तर ते बहुधा याच माणसांसाठी असेल. त्यांच्याकडे भाषा आहे, मेंदू घडलेला आहे. ते थोडं थांबू शकतात, पण हात बांधून नव्हे. श्रवणयंत्राचा उपयोग होईल अशा शंभरांपैकी जेमतेम सतरा जण ते वापरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बाकीच्यांना ते मिळत नाही, परवडत नाही किंवा लाज वाटते. न वापरता गेलेली ही वर्षंही भरून येत नाहीत. ज्यांना औषधाची आशा आहे त्यांना मी सांगेन की यंत्र लावा, चेता जागी ठेवा.

आणि एक काम असं आहे, ज्याला उद्याच्या शोधाची गरजच नाही. ज्या पेशी आज जिवंत आहेत त्या वाचवणं. लहान मुलांच्या काही कर्करोगांत सिसप्लॅटिननंतर सोडिअम थायोसल्फेट दिलं तर कानाची हानी कमी होते, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आहे. काही जणांच्या मायटोकाँड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) एका जनुकीय बदलामुळे जेंटामायसिनच्या एकाच मात्रेनेही कायमचं बहिरेपण येऊ शकतं. तो बदल अर्ध्या तासाच्या आत सांगणारी तपासणी इंग्लंडमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात वापरून झाली आहे. अशी तपासणी आणि असं औषध जिथे जिथे ही प्रतिजैविकं आणि सिसप्लॅटिन दिली जातात तिथे तिथे पोहोचवायला किती पैसे लागतील, हा हिशेब पेशी उगवण्याच्या प्रत्येक निधीप्रस्तावाशेजारी मांडला जावा, आणि दोन्हींना मंजुरी द्यावी.